पाठीवरच्या सुया

वुहू, १२ जून १९८५

प्रिय ताई,

गेल्या गुरुवारी तुझा भाऊ भर वर्गात मरता मरता वाचला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. ओळीनं सांगतो.

प्रयोग नेहमीचाच होता. काचेच्या हंडीत विजेची घंटा ठेवायची, पंपानं हंडीतली हवा ओढून घ्यायची. घंटेचा टोला हलताना दिसतो, पण आवाज येत नाही. आमचा पंप माझ्याच वयाचा, त्यामुळे त्याची दांडी मी मुलांच्या हातात देत नाही, स्वतः मारतो. पन्नासएक दांड्या झाल्या, घंटा गप्प झाली, आणि "बघा, हवा नसेल तर आवाज नाही" हे सांगायला मी तोंड उघडलं तर माझाही आवाज नाही. छातीत कुणी बूच मारल्यासारखं झालं. मी हात हलवतोय, तोंड उघडतोय, मिटतोय. मुलांना वाटलं, सर घंटेची नक्कल करताहेत. अख्खा वर्ग टाळ्या वाजवत होता. एकतीस वर्षं शिकवतोय, इतक्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीनं माझे ओठ बघितले. ते म्हणे शाईसारखे झाले होते.

मुख्याध्यापकांनी घरी येऊन फार गोड बोलून सांगितलं की सप्टेंबरपासून मी वाचनालय सांभाळावं. पुस्तकांना आवाज लागत नाही, म्हणाले. मी उन्हाळ्यापुरती मुदत मागून घेतली आहे. तोवर तब्येत सुधारली तर वर्ग माझा, नाहीतर किल्ल्यांचा जुडगा माझा.

तू आता म्हणशील, दम्यावर सुया लावून घे. वीस वर्षं म्हणते आहेस. ताई, मी पदार्थविज्ञानाचा मास्तर आहे. प्राणशक्ती नेणाऱ्या ज्या वाहिन्या प्रेताची चिरफाड करूनही कुणाला दिसल्या नाहीत, त्यांच्यात सुया खुपसून घ्यायला माझी बुद्धी धजत नाही. गोळ्या घेतोच आहे. चिंगयी नमस्कार सांगते.

तुझा
पोलिन


कुनमिंग, २१ जून १९८५

पोलिन,

तू नऊ वर्षांचा असताना देवी टोचणारा माणूस गल्लीत आला, तेव्हा तू तांदळाच्या रांजणात जाऊन बसला होतास. आईला दुपारभर सापडला नाहीस. तेव्हा तुला पदार्थविज्ञान येत नव्हतं. म्हणून तुझी बुद्धी मध्ये आणू नकोस.

तुमच्या गावातच जुन्या बंदराजवळच्या दवाखान्यात लुओबाई बसतात. इथे कुनमिंगला त्या शिकायला होत्या, तेव्हापासून मी त्यांना ओळखते. हात हलका, तोंड जड. वीस जुलैला उन्हाळ्यातले कडक दिवस सुरू होतात. वीस, तीस आणि नऊ ऑगस्ट, या तीन दिवशी पाठीवर लेप लावतात आणि मध्ये एक दिवसाआड सुया. हिवाळ्यात उसळणारा दमा उन्हाळ्यात गाठायचा, अशी रीत आहे. मी लावल्या असत्या, पण तू कधी इकडे येणार नाहीस आणि माझे डोळेही आता सुईला साथ देत नाहीत.

गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत. हे वाक्य दोनदा वाच.

रुइछिन


वुहू, २२ जुलै १९८५

प्रिय ताई,

झालं तुझ्या मनासारखं. परवा, वीस तारखेला, मी सुया लावून घेतल्या. उगाच इतकी वर्षं टाळलं असं वाटतं.

लुओबाई भल्या बाई आहेत. त्यांनी मला उताणं निजवलं. वर छताला पंखा होता, तीन पात्यांचा, एक पातं जरा वाकलेलं, त्यामुळे तो लंगड्यासारखा फिरत होता. मी त्याच्याकडे बघत पडलो. बाईंनी छातीत एकामागून एक बारा सुया लावल्या. मुंगी चावावी इतपतच. मग तोच लेप छातीला फासला. उठल्यावर छाती अशी मोकळी झाली की घरी चालत आलो. बाई म्हणाल्या, इतका धीराचा रुग्ण या दवाखान्यात आला नव्हता. मी म्हटलं, आमचं घराणंच तसं.

बाकी क्षेम. उकाडा असा की नदीकाठची म्हैसही कंटाळली आहे.

तुझा
पोलिन


कुनमिंग, ३० जुलै १९८५

चिंगयी,

हे पत्र मुद्दाम तुझ्या नावानं पाठवते आहे. तुझ्या नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखव.

पोलिन, दम्यासाठी छातीवर सुई लावतात, पण एखादी. बाकी सगळं काम पाठीवर. मानेच्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना आणि खाली खांद्याच्या फऱ्यांमध्ये. लेपही पाठीवरच. म्हणून सगळे रुग्ण पालथे निजतात. पालथ्या माणसाला छताचा पंखा दिसत नाही, त्याला जमीन दिसते. तुला पंख्याचं वाकडं पातं दिसलं, कारण तू बाहेरच्या बाकावर बसला होतास आणि दार उघडं होतं. तिथून उठून कुठे गेलास, ते तूच चिंगयीला सांग.

लेपाचे पहिले दोन दिवस तू घालवलेस. नऊ तारीख राहिली आहे. चिंगयी, त्याला हाताला धरून ने. रांजणात आधी बघ.

रुइछिन


वुहू, ११ ऑगस्ट १९८५

ताई,

बदकाच्या दुकानात गेलो होतो. बाकावर पाऊण तास बसलो, मग आतून एक गृहस्थ शर्ट खांद्यावर टाकून बाहेर आले. त्यांच्या पाठीवर गोल गोल जांभळे डाग होते, काचेचे पेले चिकटवून कातडी ओढण्याचा उपचार असतो, त्याचे. मला वाटलं त्यांना आत कुणी मारलं. मी उठलो, खारवलेलं बदक घेतलं आणि घरी येऊन चिंगयीला सांगितलं की उपचारानंतर बदक खायला सांगितलंय. तिनं ते प्रेमानं मला वाढलं. तुझं पत्र वाचून दाखवताना ती 'कुठे गेलास'पाशी थांबली, तिला बदक आठवलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढचं दुप्पट मोठ्यानं वाचलं. ते वाचणं सुयांहून वाईट होतं.

सात तारखेला तिनं मला नेलं. खरोखर हाताला धरून. रस्त्यात माझे दोन जुने विद्यार्थी भेटले, त्यांना वाटलं मला दिसेनासं झालंय.

लुओबाई चाळिशीच्या, आडव्या बांध्याच्या. त्यांचा आवाज बंदरापर्यंत जातो. मी त्यांना सांगायला लागलो की या पद्धतीला शास्त्रीय आधार कितपत आहे याबद्दल माझे काही प्रश्न आहेत. त्या म्हणाल्या, "विचारा. पालथं पडून विचारा." पालथं पडल्यावर माणसाचे प्रश्न संपतात.

पहिली सुई लागायच्या आधी मी ओरडलो. बाई म्हणाल्या, अजून कापूस फिरवतेय. दुसऱ्यांदा ओरडलो तेव्हा त्या हात धुवत होत्या. सुई लागली तेव्हा मला कळलंच नाही. मग आत कुठेतरी जड, दुखरं वाटायला लागलं, कुणी अंगठ्यानं आतून दाबल्यासारखं. तो जडपणा आला की सुई बरोबर बसली, म्हणाल्या. सात सुया झाल्या. त्यांच्यावर वाळक्या पाल्याची जाड विडी पेटवून धुरी दिली. वीस मिनिटं मी खाली जमिनीकडे बघत होतो. तिथे एक फरशी फुटकी आहे आणि तिच्या भेगेत कलिंगडाची बी अडकली आहे. हे तुझ्या खात्रीसाठी.

परवा आलं-मोहरीचा लेप लावला. पाठीवर फोड आलाय. चिंगयी म्हणते, बदकाचा आहे.

तुझा
खोटारडा भाऊ
पोलिन


कुनमिंग, २० ऑगस्ट १९८५

पोलिन,

कलिंगडाची बी पटली. फोड फोडू नकोस, आपोआप बसेल. सप्टेंबर संपेपर्यंत एक दिवसाआड जात राहा. बरं वाटायला लागेल. बरं वाटायला लागलं की जास्त सांभाळ. गोळ्या चालू आहेत ना?

रुइछिन


वुहू, २० सप्टेंबर १९८५

प्रिय ताई,

तुझ्या भावाला आता ओळखणार नाहीस. गेले पंचवीस दिवस मी आडवा झोपतोय. सहा वर्षं दोन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपत होतो, हे तुला कधी लिहिलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी वर्ग परत दिला. जिना एका दमात चढतो आणि वर जाऊन मुद्दाम मोठ्यानं बोलतो.

शिक्षकांच्या खोलीत माझी रोज व्याख्यानं असतात. रसायनवाल्या सरांना मणक्याची हाडं मोजायला शिकवलं. भूगोलाच्या बाईंची मान दुखत होती, त्यांना लुओबाईंकडे पाठवलं. शाळेच्या भिंतीवरच्या पत्रकात मी 'अनुभव हाच पुरावा' असा लेख लिहिलाय. नऊ वर्षांपूर्वी त्याच भिंतीवर मी सुयांविरुद्ध लेख लिहिला होता. कुणीतरी तो शोधून काढून शेजारी चिकटवलाय. मी दोन्हींखाली सही केली.

त्या गोळ्यांनी हात थरथरायचे आणि छाती धडधडायची, ते सगळं थांबलं. महिनाभरात एकही घेतली नाही. बाटली कपाटात मागे टाकली आहे. येत्या अठ्ठावीसला मध्य-शरदाच्या सणाआधी आम्ही सगळे शिक्षक गावातली टेकडी चढणार आहोत, वर मंडपात बसून चंद्र-केक खाणार. मी पैज लावलीय की सगळ्यांत आधी मी पोचणार.

तुझा
नवा कोरा भाऊ
पोलिन


तार, कुनमिंग, २८ सप्टेंबर १९८५

गोळ्या आजच सुरू कर. टेकडी नको. रुइछिन


वुहू, १२ ऑक्टोबर १९८५

ताई,

तुझी तार चिंगयीला इस्पितळाच्या दारात मिळाली.

पैज मी जिंकलो. मंडपात सगळ्यांच्या आधी पोचलो, हे नोंदवून ठेव. मग खाली बसलो आणि उठलो नाही. बाकीचे वर आले तेव्हा मी खांब धरून बसलो होतो. ते म्हणाले, पाहा, सर कसे दृश्य न्याहाळताहेत. रसायनवाल्या सरांनी माझे ओठ बघितले आणि हातातला डबा टाकला. खाली एका केकवाल्याची तीनचाकी होती. टोपल्या उतरवून तिच्यावर मला घातलं आणि अख्ख्या बाजारातून नेलं. सणाची गर्दी होती. जे मला ओळखत नव्हते तेही आता ओळखतात.

नाकात प्राणवायूची नळी, हाताला सलाइन, असे चार दिवस काढले. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास झाला असता तर काही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी लुओबाई आल्या. मला वाटलं, धीर देतील. खाटेच्या पायाशी उभ्या राहून म्हणाल्या, "मी दर खेपेला विचारत होते, गोळ्या घेताय ना. तुम्ही मान हलवत होता. पालथ्या माणसाची मान हो म्हणतेय की नाही म्हणतेय, मला काय दिसणार?" शेजारचे पाचही रुग्ण उठून ऐकत होते. सुईनं तुमचा दम हलका केला असेल, त्यानं तुमचा दमा गेला नाही, म्हणाल्या. मग खिशातून एक संत्रं काढलं, सोललं आणि मला एक एक फोड देत बसल्या. मी खाल्लं. लाज वाटत असताना संत्रं गिळायला कठीण जातं.

भिंतीवरचे दोन्ही लेख चिंगयीनं जाऊन काढले.

आता तू रागाव. माझी तयारी आहे.

पोलिन


कुनमिंग, २४ ऑक्टोबर १९८५

पोलिन,

रागावणार नाही. तुला एक सांगायचं आहे. ते मी पंधरा वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.

माझे डोळे चांगले आहेत. सुईत दोरा मी अजून चष्म्याशिवाय ओवते.

१९७० साली आमची वैद्यकीय तुकडी डोंगरात होती. औषधं थोडी, सुया भरपूर. गावात पू आडनावाचा एक खेचरवाला होता, त्रेचाळीस वर्षांचा. सगळे त्याला पूदादा म्हणत. वर मीठ घेऊन यायचा आणि येताना एवढ्यानं हसायचा की माणूस दिसायच्या आधी हसू ऐकू यायचं. त्याला तुझ्यासारखाच दमा होता. दोनदा त्याला झटका आला आणि दोन्ही वेळा मी सुया लावल्या. अर्ध्या तासात श्वास मोकळा झाला. जिल्ह्याच्या सभेत मी उभी राहून सांगितलं, औषधाचा थेंब न वापरता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही टाळ्या कळतात.

तिसऱ्या वेळी भाताची कापणी चालली होती, दुपारची वेळ. माझ्याकडे दम्याचं इंजेक्शन नव्हतं. ते तालुक्याच्या इस्पितळात होतं, खेचरावरून तीन तास. त्याच्या बायकोनं, पूवहिनीनं, खेचर जोडून दारात आणलं. मी म्हटलं, थांबा, सुया लावते. अर्धा तास गेला. मी म्हटलं, आणखी अर्धा तास. तो माझ्याकडे बघत होता. त्याचा माझ्यावर विश्वास होता म्हणून तोही थांबला. चार वाजता मीच म्हटलं, न्या. दुसऱ्या वळणावर तो गेला.

पूवहिनीला मी सांगितलं की कुणालाच काही करता आलं नसतं. तिनं मान हलवली. ती अजून त्याच गावात आहे, बसनं पाच तासांवर. मी परत गेले नाही. त्यानंतर मी कुणालाही सुई लावली नाही. इस्पितळात पट्ट्या बांधल्या, ताप मोजला, निवृत्त झाले.

सुया वाईट नाहीत. वाईट मी होते. मला आणखी एकदा जिंकायचं होतं.

तू टेकडीबद्दल लिहिलंस ते पत्र माझ्या हाती सत्तावीसला संध्याकाळी पडलं. तारघर सकाळी उघडतं. बाकी तू समज.

रुइछिन


वुहू, ८ नोव्हेंबर १९८५

ताई,

या पत्राला मी तीनदा सुरुवात केली. दोनदा त्यात विनोद होते, म्हणून फाडलं. तुला माहीत आहे, घाबरलो की मी विनोद करतो. लोकांना वाटतं मला स्वतःवर हसता येतं. खरं म्हणजे दुसऱ्यानं हसायच्या आधी मी हसून घेतो, इतकंच.

तू वाईट होतीस असं मी म्हणणार नाही आणि नव्हतीस असंही म्हणणार नाही. तू मला तसं खोटं सांगितलं तर मला चालणार नाही, म्हणून मीही सांगत नाही. मला फक्त एवढं कळतं की पंधरा वर्षं तू माझ्या प्रत्येक पत्राच्या उत्तरात गोळ्यांचं लिहिलंस आणि मी समजत होतो की तुला दुसरं काही सुचत नाही.

मी येतो. वसंत सणाच्या सुट्टीत, फेब्रुवारीत. तू कुनमिंगला गेलीस त्याला बत्तीस वर्षं झाली, मी एकदाही आलो नाही. दम्यामुळे, असं सांगत आलो. दमा होताच, पण आळसही होता. इस्पितळातल्या डॉक्टरांना आणि लुओबाईंना, दोघांनाही विचारलं. गोळ्या आणि तोंडात मारायचा फवारा बरोबर ठेवला तर जा, म्हणाले. लुओबाई म्हणाल्या की प्रवासाच्या पंधरा दिवसांत एकदोनदा कुणी सुया लावल्या तर बरं. कुनमिंगमध्ये मी एकाच बाईला ओळखतो.

पोलिन


कुनमिंग, १९ नोव्हेंबर १९८५

पोलिन,

ये. जाड गंजीफ्रॉक आण, इथे सकाळी गारठा असतो. गोळ्या आण. फवारा खिशात ठेव, पेटीत नको. चिंगयीला आणता आलं तर आण.

सुयांचं नाव काढू नकोस.

रुइछिन


गाडीतून, २१ फेब्रुवारी १९८६

प्रिय ताई,

गाडी हुनानमध्ये कुठेतरी सिग्नलला उभी आहे. चिंगयी समोर झोपली आहे. तू बांधून दिलेला हॅम आम्ही शांघायपर्यंत पुरवायचं ठरवलं होतं, तो काल संपला. समोरच्या बाकावरच्या सैनिकानं मदत केली.

तिथे बारा दिवस आपण खूप बोललो, पण सोमवारबद्दल एक अक्षर बोललो नाही. तू हात धुऊन स्वयंपाकाला लागलीस आणि मी शर्ट घालून भाजी निवडायला बसलो. म्हणून लिहितो. तुला माझं तोंड दिसत नव्हतं.

रविवारी रात्रीपासून छाती वाजत होती. फवारा मारला होता, गोळी घेतली होती, तरी शीळ राहिलीच होती. सकाळी मी काहीही न बोलता गंजीफ्रॉक काढला आणि तुझ्या खाटेवर पालथा झालो. ते धैर्य नव्हतं. बोललो असतो तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून बोललो नाही. चिंगयी उठून बाहेर गेली.

मला तुझ्या चपला दिसत होत्या. काळ्या कापडाच्या, डाव्या पायाच्या अंगठ्यापाशी शिवलेल्या. त्या खाटेपाशी आल्या आणि थांबल्या. मग कपाटाकडे गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. पुन्हा खाटेपाशी आल्या. मग दाराकडे गेल्या आणि दारात बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, गेलीस. माझं अंग गार पडलं होतं, तरी मी हललो नाही. ताई, आयुष्यात पहिल्यांदा मी सुईला घाबरलो नाही, कारण खोलीत माझ्याहून जास्त घाबरलेलं कुणीतरी होतं. मला भीती एवढीच होती की तू परत येणार नाहीस.

तू आलीस. तुझी बोटं माझ्या मानेवर फिरली, मणके मोजत. बर्फासारखी गार होती. तू विचारलंस, "गोळी किती वाजता घेतलीस?" मी म्हटलं, सहाला. मग पुन्हा विचारलंस. मी पुन्हा सांगितलं. तू दहा वेळा विचारलं असतंस तरी सांगितलं असतं.

पहिल्या तीन सुया मला कळल्या नाहीत. चौथी लागली. खूप लागली. तू विचारलंस, लागली का, आणि मी नाही म्हटलं. वर्षभर तुझ्याशी खोटं बोललो त्यातलं हे एकच मला पुन्हा बोलावंसं वाटेल. नंतरच्या तीन नीट बसल्या. शेवटच्या वेळी तुझी बोटं गार नव्हती, हे मला पाठीवरून कळलं.

माझा दमा होता तिथेच आहे. गोळ्या घेतोय. शाळेनं आठवड्याला दोनच वर्ग दिलेत, बाकी वेळ वाचनालय. ते मी तुला तिथे सांगितलं नाही, वाईट वाटून घेशील म्हणून. वाचनालयात ऊन चांगलं येतं.

गाडी हलली. अक्षर वेडंवाकडं येतंय ते तिच्यामुळे.

तुझा
पोलिन


कुनमिंग, १८ मार्च १९८६

पोलिन,

चौथी सुई तिरकी गेली होती. तुझ्या पाठीचा स्नायू उडाला, मला तेव्हाच कळलं. तू नाही म्हणालास तेही कळलं.

वाचनालयाचं चिंगयीनं मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं.

गेल्या शनिवारी मी बसनं डोंगरात गेले. कुणाला सांगितलं नाही, मलाही अर्ध्या वाटेपर्यंत खात्री नव्हती. रस्ता आता पक्का झालाय. तालुक्याचं इस्पितळ गावापासून बसनं चाळीस मिनिटांवर आहे. दुसरं वळण आलं तेव्हा मी डोळे मिटले नाहीत.

पूवहिनी अंगणात मका सोलत होती. केस सगळे पांढरे. तिनं मला लगेच ओळखलं, स्टूल दिलं, चहा दिला. मी चहा खाली ठेवला आणि उभ्या उभ्या सांगितलं. त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं, म्हटलं. वेळेत निघालो असतो तर कदाचित तो पोचला असता. मी थांबवलं म्हणून उशीर झाला.

तिचे हात थांबले नाहीत. दाणे टोपलीत पडत होते. ती म्हणाली, "मला माहीत आहे. खेचर मीच जोडलं होतं ना."

मी विचारलं, मग तेव्हा बोलली का नाहीस? सगळ्या गावासमोर बोलायला हवं होतंस.

ती म्हणाली, "बोलणार होते. तिसऱ्या दिवशी तुझ्या खोलीपर्यंत आले होते. तू भिंतीकडे तोंड करून बसली होतीस. मी म्हटलं, हिला सगळं आधीच माहीत आहे, मी आणखी काय सांगू. मग वाटलं, येईल कधीतरी स्वतःहून. तू पंधरा वर्षं लावलीस." नवं कणीस हातात घेऊन ती म्हणाली, "मला राग होता. अजून थोडा आहे. चहा पी, गार होतोय."

मी चहा प्यायले. तिच्याबरोबर मका सोलत बसले, संध्याकाळच्या बसपर्यंत. ती त्याच्याबद्दल बोलत होती. त्याचं हसू मुलाच्या मुलात उतरलंय, म्हणाली. निघताना ती उठायला गेली आणि गुडघा धरून पुन्हा खाली बसली. दोन वर्षं दुखतोय, म्हणाली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "सुया आणल्या आहेस का?"

मी म्हटलं, नाही.

"मग पुढच्या खेपेला आण," ती म्हणाली.

उद्या जाते आहे.

रुइछिन